फीचं पाकीट

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली आणि चौदा एप्रिलला संपली. तारखा माझ्या डोक्यात पक्क्या बसतात. तीस वर्षं महापालिकेच्या बालवाडीत हजेरी घेतली, त्याचा परिणाम असेल. कोण कधी आलं आणि कोण कधीपासून यायचं बंद झालं, हे मला अजून सांगता येतं.

आमचा समाधान चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर होता. त्या मार्चमध्ये कंपनीने त्याची बदली बेंगळुरूला केली. हुद्दा वाढला, पगार वाढला. आकुर्डी स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा आम्ही पाच माणसं राहत होतो. मी, माझे यजमान अण्णासाहेब, समाधान, सून मिनल आणि तिसरीत शिकणारी नात सृष्टी. बदलीचं पत्र आलं त्याच आठवड्यात हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी येऊन पडली. कुणी धड भरत नव्हतं, कुणी उचलून ठेवत नव्हतं. महिनाभर आम्ही त्या खोक्यांना वळसे घालत जेवलो, झोपलो, भांडलो.

एका रविवारी सकाळी समाधानने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि सगळ्यांना बसवलं.

"ही शाळा," तो म्हणाला. "इंटरनॅशनल. ऑफिसपासून चार किलोमीटर. आमच्या प्लांट हेडची मुलगी इथेच आहे."

पडद्यावर घोड्यावर बसलेली एक मुलगी होती. सृष्टीने विचारलं, "पप्पा, घोडा कंपल्सरी आहे का?"

"नाही गं. ऑप्शनल."

मग त्याने आकडे दाखवले. वर्षाची फी साडेसहा लाख. प्रवेशाचे दीड लाख, ते परत मिळत नाहीत. अनामत एक लाख, ती शाळा सोडताना मिळते. बस, जेवण, गणवेश, लॅपटॉप वेगळा. कंपनी निम्मी फी देणार होती, पण दोनच वर्षं, आणि तीही आधी आपण भरून पावती दाखवल्यावर. शिवाय तिकडे घरमालकाला सहा महिन्यांचं भाडं आधी द्यायचं. एप्रिल संपायच्या आत हाताशी बारा-तेरा लाख हवे होते.

अण्णासाहेब चष्मा पुसत ऐकत होते. ते कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते. उभी हयात मशिनं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवण्यात गेली. पहारी, रोलर, लाकडी ठोकळे आणि खिशात पातळी बघायची पाणसळ. ही माणसं सगळ्याच गोष्टींचा तसा विचार करतात.

"फाउंडेशन धरलंय का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मशीन नवीन जागी नेलं की पहिले शंभर नग बाद जातात. तो माल धरावा लागतो. पोरीला तिथलं इंग्रजी जमेस्तोवर ट्यूशन लागेल. धरलीय?"

"धरतो."

"आणि परत उचलायचा खर्च? दोन वर्षांनी कंपनी द्यायची थांबली तर पोरगी तिथून काढून कुठल्या शाळेत बसणार? तिथला अभ्यास वेगळा, इकडचा वेगळा."

"बाबा, पोरगी आहे ती, लेथ मशीन नाही."

"लेथ परवडला. त्याला मैत्रिणींचे वाढदिवस नसतात."

मिनल हसली आणि समाधानने बघताच गप्प झाली. मग तो माझ्याकडे वळला. तो वळणार हे मला घोड्याचं चित्र दिसलं तेव्हाच कळलं होतं.

"आई, चिखलीचा प्लॉट. मालोजी एजंट म्हणतो, गिऱ्हाईक तयार आहे. चौतीस लाख. तीन-चार वर्षांची चिंता मिटते. तुझ्या नावावर आहे, तुझी सही लागेल."

दीड गुंठ्याचा तो प्लॉट. अठ्ठ्याण्णव साली कंपनीत पगाराचा करार झाला, फरकाची रक्कम हातात आली आणि ती आम्ही चिखलीच्या मातीत घातली. तेव्हा तिथे नुसतं माळरान होतं. आता चारी बाजूंनी वर्कशॉप आणि इमारती. आणि आमच्या दीड गुंठ्यावर पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये माझी थोरली लेक पिंकी काम करून घेत होती. नवरा वारल्यावर दोन हजार दहा साली तिने ती शेड उभी केली.

"ताईला दुसरी शेड भाड्याने बघून देऊ," समाधान म्हणाला. "कुदळवाडीत मिळतात. मी बोलतो तिच्याशी."

"तू नको," मी म्हटलं. "मी बोलते."

आमच्या घरची एक पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं घर बौद्ध. अण्णासाहेबांचे वडील मजूर, सही करायला ते चाळिशीत शिकले. त्यांनी ही पद्धत घातली. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी सकाळी, येत्या वर्षाच्या शाळेची फी पाकिटात घालून बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवायची. प्रत्येक मुलाचं वेगळं पाकीट, वर नाव. जूनमध्ये ते उचलायचं आणि शाळेत भरायचं. मधल्या काळात घरात कितीही अडचण येवो, त्या पाकिटाला हात लावायचा नाही. कुणी आजारी पडलं तरी उसने आणायचे. पाहुणे येत, हात जोडत आणि पाकिटांकडे कौतुकाने बघत. या घरात शाळेला नाही म्हणत नाहीत, असं तेव्हाच्या आमच्या चाळीत बोललं जायचं. मला त्याचा फार अभिमान होता.

म्हणून त्या रविवारी कुणीच नाही म्हणालं नाही. अण्णासाहेबांनी प्रश्न विचारले, पण नाही म्हणाले नाहीत. मीही नाही. समाधानने ते होय समजलं. तो तरी दुसरं काय समजणार?

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. भाजी चिरायला बसायची आणि उठायची. स्टेशनवर जाऊन बाकावर बसायची. लोणावळा लोकल यायची, जायची. मी एकदाही चढले नाही, पण बसून राहायला कारण मिळायचं. पिंकीला सांगायला जायचं म्हणून दोनदा साडी बदलली आणि दोनदा घरीच राहिले. तिसऱ्यांदा, चार एप्रिलला, गेले. भर उन्हात, दोन बस बदलून.

शेडमध्ये अकरा बायका गोणपाटांवर बसून काम करत होत्या. गाडीत वायरच्या भोवती रबराची कडी असते. साच्यातून निघते तेव्हा तिला कडेने रबराची पातळ झालर राहिलेली असते. ती छोट्या कात्रीने बिनचूक कापायची. किलोवर पैसे. कडीला जराशी कात्री लागली की नग बाद. सगळ्या शेडला त्या रबराचा वास. पिंकीच्या केसांनाही तो असतो, आंघोळ केली तरी.

"मास्तरीणबाई आल्या!" कस्तुरा ओरडली. ती मूळची चाकणकडची, शेडमधली सगळ्यात जुनी. "नीट बसा गं, न्हाईतर खाडा लावत्याल."

"तुझा खाडा तर रोजचाच आहे," मी म्हटलं.

"ऐका! मी सकाळधरनं चार किलो वडलंय. ह्या नव्या पोरींनी दोन न्हाई केलं. मोबाइल बघायला डोळं हायेत, झालर बघायला न्हाईत."

पिंकीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः परत कात्री घेऊन बसली. "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून तू या उन्हात दोन बस बदलत नाहीस, आई."

मी सांगितलं. बदली, शाळा, आकडे. शेवटी प्लॉट. पिंकीची कात्री थांबली नाही.

"महिनाभर मुदत द्या," ती म्हणाली. "दोनशे किलो माल आणून ठेवलाय. तो देऊन मोकळी होते. दुसरी शेड बघते. या बायका तिकडे येतील की नाही, माहीत नाही. कस्तुरा तर येणार नाही, तिचं घर इथेच आहे."

"पिंके, चीड तरी."

"कशाला? तेव्हा नाही चिडले, आता काय चिडू?"

"तेव्हा म्हणजे?"

तिने हातातली कडी उजेडात धरली, फिरवली आणि डब्यात टाकली. "शहाण्णव साली. मी पाकीट उघडलं होतं, आई."

शहाण्णव साली पिंकीने बारावीची परीक्षा दिली होती, समाधानने दहावीची. तिला नर्सिंगला जायचं होतं, त्याला डिप्लोमाला. त्या वर्षी ओव्हरटाइम बंद होता. पैसे एकाच फीपुरते होते. अण्णासाहेब पगार माझ्या हातात देत, पाकिटं मी भरत असे. मी ठरवलं. कुणाला विचारलं नाही. समाधानच्या पाकिटात पैसे घातले. पिंकीच्या पाकिटात वर्तमानपत्राची घडी घातली, जाडी दिसावी म्हणून. दोन्ही पाकिटं फोटोसमोर ठेवली. पाहुण्यांनी हात जोडले. जूनमध्ये मी पिंकीला सांगितलं की आजीच्या ऑपरेशनला तुझे पैसे मोडावे लागले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. सव्वीस वर्षं मी समजत होते की तिला ऑपरेशनचंच ठाऊक आहे.

"कधी उघडलंस?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. तू खीर वाढत होतीस. मला बघायचं होतं, अठरा हजार रुपये कसे दिसतात." ती हसली, खरंच हसली. "आत पेपर. त्यावर अर्धं शब्दकोडं होतं. मी नंतर सोडवलं ते. दोन शब्द अडले."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? या घरात शाळेला नाही म्हणत नाहीत."

पिंकीने मला स्टॉपपर्यंत सोडलं, तिकिटाला सुटे दिले. बसमध्ये मला माझा स्टॉप कळला नाही. पुढे जाऊन उतरले आणि चालत मागे आले.

पण म्हणजे मी नाही म्हणायचं का? तेच तर मला उलगडत नव्हतं. एकदा मुलासाठी मुलीचं शिक्षण मी गिळलं. आता नाही म्हटलं तर पुन्हा एका मुलीच्याच शिक्षणाला नाही. सृष्टीचा काय दोष? ती खोक्यात स्वतःची पुस्तकं भरायची आणि रात्री वाचायला म्हणून परत काढायची. रोज.

बारा तारखेला मिनल आणि मी मेथी निवडत बसलो होतो. समाधान कामावर, अण्णासाहेब खाली कट्ट्यावर. मिनल एकदम म्हणाली, "आई, एक दाखवू? ह्यांना सांगू नका."

तिने कपाटातून कालनिर्णयाचं जुनं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात यादी होती. त्या शाळेत मुलगी असलेल्या दोन बायकांना तिने फोन करून विचारलं होतं. वर्षाला एक सहल, विमानाने. वाढदिवसांच्या भेटी. सुट्टीतली शिबिरं. दर वर्षी दहा टक्के फीवाढ. मिनलची इथली नोकरी सुटणार, तिकडे मिळेल की नाही माहीत नाही. शेवटी तिने बेरीज केली होती आणि बेरजेखाली दोन रेघा मारल्या होत्या. प्लॉटचे पैसे समाधान म्हणतो तसे तीन-चार वर्षं नाही, जेमतेम अडीच वर्षं पुरत होते. त्याखाली दुसऱ्या एका शाळेचं नाव होतं. केंद्रीय बोर्डाची, साधी, नव्या घरापासून चालत बारा मिनिटं. वर्षाला नव्वद हजार.

"हे तू त्याला का सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? लग्न ठरवायला आलात तेव्हा तुम्हीच माझ्या वडलांना म्हणाला होतात, आमच्या घरात शाळेला नाही म्हणत नाहीत. मी सून. मी पहिलं नाही म्हणू?" तिने मेथीची काडी मोडली. "मला वाटलं तुम्ही म्हणाल. नाहीतर बाबा म्हणतील."

मला वाटत होतं अण्णासाहेब म्हणतील. त्यांना वाटत असणार मी म्हणेन. आणि समाधान? त्यालाही त्या आकड्यांची धास्ती असेल, पण तो तर पाकिटावरच वाढलेला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि चिखलीची शेड जात होती.

चौदा एप्रिल. सकाळी फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. पांढरे कपडे. त्रिशरण-पंचशील झालं. शेजारच्या केसरबाई तेवढ्या आल्या होत्या. समाधानने नवं कोरं पाकीट काढलं. वर सुंदर अक्षरात लिहिलेलं, सृष्टी. आत प्लॉटच्या सौद्याची विसार पावती होती. दुसऱ्या दिवशी मालोजी टोकन घेऊन येणार होता.

"आई, सही कर आणि तुझ्या हाताने ठेव," तो म्हणाला. आनंदाने म्हणाला. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही सांगेन.

मी पावती काढून त्याच्या हातात दिली. पदराखालून पोस्टातल्या ठेवीचे पैसे काढले. सत्तर हजार. माझ्या मानधनातून साठलेले. ते पाकिटात घातले.

"हे माझे. हे सृष्टीचे. प्लॉटवर मी सही करणार नाही."

"आई?"

"त्या शाळेला मी नाही म्हणते."

समाधानचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आज? यांच्यासमोर?" त्याने फोटोकडे हात केला. "सृष्टीच्या शिक्षणाला तू नाही म्हणतेस? आपल्या घरात?"

"आपल्या घरात मी याआधी एकदा नाही म्हटलंय," मी म्हणाले. "पण तोंडाने नाही. रिकामं पाकीट ठेवून. तुझ्या ताईचं. शहाण्णव साली तुझ्या पाकिटात पैसे होते, तिच्या पाकिटात पेपरची घडी होती. आज तोंडाने म्हणते. रिकामं पाकीट परत ठेवणार नाही, आणि एकीचं रिकामं करून दुसरीचं भरणारही नाही."

केसरबाईंनी खिरीची वाटी खाली ठेवली. अण्णासाहेब हळूच खुर्चीत बसले.

"काहीच नव्हतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नव्हतं."

"मी त्याला रोज हात जोडत होतो," ते म्हणाले. "मला सांगायचं होतंस, सोजर."

समाधान काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मिनल आतून आली आणि तिने कालनिर्णयाचं पान टीपॉयवर ठेवलं. "आई एकट्या म्हणत नाहीत. मीही नाही म्हणते. हे वाचा आधी."

त्याने वाचलं. उभ्यानेच, दोनदा. मग शेवटच्या बेरजेवर बोट ठेवून आकडे पुन्हा मोजले. क्वालिटीचा माणूस, चूक शोधत होता. सापडली नाही. पान तिथेच टाकून तो चपला घालून बाहेर गेला. सृष्टीने पाकीट उचललं, नाव नीट वाचलं आणि फोटोसमोर ठेवलं. "आज्जी, या शाळेत घोडा नाही ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही बाळा. "चालेल," ती म्हणाली.

दुपारी पिंकी खीर खायला येणार होती. अण्णासाहेबांचे गुडघे तेव्हा पार गेलेले. तरी जिना उतरून ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले, तासभर उन्हात. ती रिक्षातून उतरल्यावर ते तिला काय म्हणाले, ते मला माहीत नाही. वर आले तेव्हा तिच्या खांद्यावर त्यांचा हात होता. जिन्यासाठी असेल.

मे महिन्यात समाधान, मिनल आणि सृष्टी बेंगळुरूला गेले. सृष्टी त्या बारा मिनिटांवरच्या शाळेत जायला लागली. पहिले सहा महिने तिने रडून काढले, कानडी येत नव्हतं म्हणून. आता ती सातवीत आहे. अभ्यासात बेताची, खो-खोमध्ये पुढे. मिनलला तिकडे दुसऱ्या वर्षी नोकरी लागली.

समाधान पाच महिने माझ्याशी फोनवर बोलला नाही. मिनल बोलायची, तो शेजारी बसलेला ऐकू यायचा. आता बोलतो. कंपनीची फीची मदत ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी थांबली असती, हे तो कधी बोलून दाखवत नाही. मागच्या वर्षी त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यांच्या प्लांट हेडची मुलगी, त्या मोठ्या शाळेतली, स्टेजवर शेकडो लोकांपुढे भाषण करत होती. खाली त्याने काही लिहिलं नव्हतं. मी दोनदा बघितला. पोरगी फार छान बोलत होती.

अण्णासाहेब दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात गेले. त्याआधी एकदा बेंगळुरूला जाऊन आले. पाणसळ बरोबर नेली होती. वॉशिंग मशीन हलतं म्हणून त्याच्या पायांखाली पुठ्ठे सारून लेव्हल करून आले.

कस्तुराला मोतीबिंदू झाला, ती आता घरी असते. रबराच्या कंपनीने कड्या थंडीने गोठवून झालर पाडणारं मशीन आणलं, तेव्हा पिंकीचं निम्मं काम गेलं. अकरातल्या पाच बायका राहिल्या. आता त्या सुटे भाग मोजून पिशव्या भरायचं काम करतात. मी वकिलाकडून मृत्युपत्र करून प्लॉट पिंकीला ठेवला. कागद दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बरं," आणि मला चहा टाकून दिला.

मी आकुर्डीतच आहे. चौदा एप्रिलला सृष्टीचं पाकीट ठेवते, जमेल तेवढं घालून, आणि जूनमध्ये मिनलच्या खात्यावर भरते. ते अडलेले दोन शब्द कोणते होते, हे मला पिंकीला विचारायचं आहे. अजून विचारलेलं नाही.